रडून झालं, पैसे मात्र अजून माझ्याकडेच आहेत

वडगाव शेरीहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. पत्र लांबलचक आहे, त्यातला गाभा असा:

"माझं वय ३९. आमच्या ३६ फ्लॅटच्या सोसायटीचा मी चार वर्षं खजिनदार आहे. गेल्या दोन उन्हाळ्यांत टँकरवाल्याशी संगनमत करून न आलेल्या टँकरची ४८ बिलं लावली, प्रत्येकी १,५०० रुपयांची. ७२,००० पैकी २४,००० त्याने ठेवले, ४८,००० माझ्याकडे आले. कुणालाही पत्ता नाही. मागच्या महिन्यात उज्जीवन सभेत, म्हणजे विश्वास नव्याने जागवणाऱ्या प्रार्थनासभेत, मी पुढे गेलो, गुडघ्यांवर येऊन रडलो, क्षमा मागितली. पाळकसाहेब म्हणाले, विश्वास ठेवलात, तारण झालं, पापातून सुटका झाली. तरी झोप लागत नाही. रोज रात्री तीच प्रार्थना करतो. पत्नी कॅथलिक आहे. तिला यातलं काही माहीत नाही, पण फादरकडे पापनिवेदन केल्याशिवाय मन मोकळं होत नाही असं ती नेहमी म्हणते. एक मित्र म्हणतो, लहानपणचा बाप्तिस्मा धरत नाहीत, पुन्हा घे. माझा पश्चात्ताप खरा आहे का? पुरेसा आहे का? आणि पैसे परत केले तर मी कृत्यांनी तारण मिळवू पाहतोय असं होणार नाही का? आपण तर कृपेने तारण मानतो."

प्रिय बंधू, जय ख्रिस्त.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊ, कारण तुमचं पाऊल तिथेच अडलं आहे. पैसे परत केल्याने तुम्ही तारण कमावत नाही. ते पैसे ३६ घरांचे आहेत. ज्याचं त्याला देऊन कुणाच्या खात्यावर पुण्य जमा होत नसतं. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कृत्यांनी नव्हे, हे इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आठव्या-नवव्या वचनात आहे आणि ते तुम्हाला पाठ असणारच. दहावं वचनही त्याच दमात वाचा. ख्रिस्तामध्ये आपल्याला सत्कृत्यांसाठीच निर्माण केलं आहे, असं प्रेषित पौल तिथे म्हणतो. झाड आधी, फळ मागून. फळामुळे झाड जिवंत होत नाही, पण झाड जिवंत आहे हे दिसतं फळामुळेच.

तुमच्या पत्रात एक गोष्ट खटकली, ती स्पष्ट सांगायला हवी. "कृपेने तारण" हे वाक्य तुम्ही पैसे न देण्याच्या बाजूने उभं केलं आहे. तुम्ही ते मुद्दाम केलं असं नाही. भीती माणसाला सगळ्यात पवित्र शब्दांच्या आड लपायला शिकवते. पण कृपेचा असा उपयोग पवित्र शास्त्राला मुळीच मान्य नाही.

आता "खरा आहे का, पुरेसा आहे का" याकडे वळू. पश्चात्तापाला माप नाही. किती रडलं म्हणजे भरलं, असं येशूने कुठेही सांगितलेलं नाही. मंदिरातला जकातदार एकच वाक्य बोलला, "हे देवा, मज पापी माणसावर दया कर," आणि नीतिमान ठरून घरी गेला (लूक १८). वधस्तंभावरच्या चोराजवळ तर वेळच नव्हता. आमची शिक्षा योग्यच आहे एवढं त्याने कबूल केलं, आणि येशूकडे वळून "माझी आठवण कर" म्हणाला. त्याला त्याच दिवसाचं वचन मिळालं. त्याच्याकडे परत करण्यासारखं काही उरलंही नव्हतं. तुमच्याकडे आहे, हा मोठा फरक.

दुःखाचे दोन प्रकार पौलाने करिंथकरांस दुसऱ्या पत्रात सांगितले आहेत (७:१०). एक देवाच्या इच्छेप्रमाणे होणारं, जे तारणाकडे नेणारा पश्चात्ताप घडवतं. दुसरं जगाचं दुःख, जे मरणाकडे नेतं. दोन्हीत अश्रू तेच. त्यांतला फरक बघायचा तर एकाच रात्री चुकलेले दोन शिष्य शेजारी ठेवा. पेत्राने येशूला तीनदा नाकारलं आणि बाहेर जाऊन तो ओक्साबोक्शी रडला. यहूदा इस्कर्योताने धरून दिलं आणि मग तोही कळवळला. मत्तय २७ नीट वाचा. यहूदाने पापाचं नाव घेतलं, "निर्दोष रक्त धरून देण्यात मी पाप केलं" असं म्हणाला, आणि चांदीची ३० नाणीही परत केली. कबुली झाली, परतफेड झाली. तरी तो गेला मुख्य याजकांकडे, "तुझं तू पाहून घे" म्हणणाऱ्यांकडे. येशूकडे गेलाच नाही. पेत्राने काहीही परत केलं नव्हतं, पण समुद्रकाठी येशू उभा आहे हे कळताच त्याने पाण्यात उडी टाकली (योहान २१).

यावरून तुमच्यासाठी दोन गोष्टी निघतात. नुसत्या परतफेडीला पश्चात्ताप म्हणता येत नाही, तेव्हा ७२,००० भरले की सुटलो असं धरून चालू नका. आणि नुसतं रडणंही पश्चात्ताप नाही. तोंड कुठे वळलं आहे हे बघायचं. पाप करताना तुमची पाठ देवाकडे होती आणि शेजाऱ्यांकडेही होती. प्रार्थनेत तुम्ही देवाकडे वळलात. शेजाऱ्यांकडे अजून पाठच आहे. म्हणून झोप लागत नाही, असं आम्हाला वाटतं. तुमचा पश्चात्ताप खोटा नाही, तो अर्ध्या वळणावर थांबला आहे.

वळण्याचं बळ येतं कुठून, हेही समजून घ्या, नाहीतर सगळं ओझं पुन्हा तुमच्याच मनगटावर येईल. देवाची ममता तुला पश्चात्तापाकडे नेत आहे, असं रोमकरांस पत्रात आहे (२:४). परराष्ट्रीयांनाही, म्हणजे यहुदी नसलेल्यांनाही, देवाने पश्चात्ताप दिला, असं यरुशलेमेतली मंडळी म्हणाली (प्रेषितांची कृत्ये ११:१८). म्हणजे पश्चात्ताप हेही दानच, तारणाच्या दारावर भरायची फी नव्हे. येशूला बघायला झाडावर चढलेल्या जक्कय या जकातदाराची गोष्ट (लूक १९) याच क्रमाने घडते. येशूने झाडाखाली थांबून त्याला नावाने हाक मारली, "आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे" असं सांगितलं. त्यानंतर जक्कय उभा राहिला आणि अर्धी मालमत्ता गरिबांना, फसवलेल्यांना चौपट असं बोलला. त्याने चौपट दिलं म्हणून येशू आला नाही. येशू आला म्हणून मूठ सुटली. आधी विश्वास की आधी पश्चात्ताप, यावर विद्वानांनी बराच वाद घातला आहे. येशूने मात्र दोन्ही एकाच वाक्यात सांगितलं: पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा (मार्क १:१५). एका वळण्याच्याच या दोन बाजू आहेत: एकीकडे पाठ फिरवायची आणि दुसरीकडे तोंड करायचं.

पुण्याला बाहेरचं प्रायश्चित्त आणि आतला पश्चात्ताप यांतलं अंतर चांगलं ठाऊक आहे. १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये इथल्या पुढाऱ्यांनी चहा घेतला, नावं छापून आली, बहिष्काराची भाषा झाली. न्यायमूर्ती रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतलं, पण चहा पिणं पाप होतं असं त्यांना वाटत होतं म्हणून नव्हे. मित्रांची कोंडी सुटावी म्हणून घेतलं. तिथे विधी झाला आणि मनात अपराध नव्हता. तुमच्याकडे उलट आहे. अपराध मनात आहे, बाहेर काहीच झालेलं नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला जकातदारांनी विचारलं, "आम्ही काय करावं?" त्याने त्यांना उपास सांगितला नाही. ठरवून दिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका, असं सांगितलं. शिपायांना सांगितलं, जुलमाने पैसे काढू नका, आपल्या पगारात तृप्त राहा (लूक ३). प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या गल्ल्यापाशी नेऊन उभं केलं. तुमचा गल्ला सोसायटीच्या खात्यात आहे.

तर आता कामाचं.

रक्कम ४८,००० धरू नका. तुम्हाला काय मिळालं याला इथे महत्त्व नाही, त्यांचं किती गेलं ते बघायचं. गेले ७२,०००, घरटी २,०००. टँकरवाल्याच्या २४,००० साठी थांबू नका. त्याच्याकडे जरूर मागा, पण बिलावर सही तुमची होती. मोशेच्या नियमशास्त्रात फसवून घेतलेल्या मालाबद्दल मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा देण्याची आज्ञा आहे (लेवीय ६). ७२,००० चा पाचवा हिस्सा १४,४००, एकूण ८६,४००. हा नियम आज तुमच्यावर अक्षरशः लागू आहे असं आम्ही म्हणत नाही, पण त्यामागचा न्याय सरळ आहे: इतके दिवस त्यांचा पैसा तुम्ही वापरलात. चौपट देण्याच्या भरात मात्र जाऊ नका. जक्कय श्रीमंत होता. मुलांची फी थकवून केलेली चौपट परतफेड म्हणजे त्याच बिलाचा भार दुसऱ्या निष्पापांवर टाकणं. एकरकमी जमत नसेल तर ३०,००० आत्ता आणि ९,४०० चे सहा हप्ते, असं लेखी द्या.

हे पैसे दानपेटीत टाकायचे नाहीत. मंडळीच्या बांधकाम निधीलाही नाहीत, अनाथाश्रमालाही नाहीत. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात याचीच तरतूद आहे: ज्याचं गेलं त्याला द्यावं, आणि घेणारं कुणीच नसेल तेव्हाच ते परमेश्वराचं म्हणून याजकाकडे जावं. तुमचे धनको त्याच जिन्याने चढतात-उतरतात. सोसायटीच्या खात्यात "देणगी" म्हणून गुपचूप भरणंही नको. त्याने रक्कम भरून निघेल, पण खोटं तसंच राहील. टँकरवर एवढा खर्च झाला असं हिशेबाच्या वह्या सांगत राहतील, आणि पुढच्या उन्हाळ्याचा मेंटेनन्स त्याच आकड्यांवर ठरेल.

कुणाला सांगायचं? आज रात्री पत्नीला. पैसे घरातून जाणार आहेत आणि उद्या जिन्यात कुजबुज झाली तर ती तिलाही सोसावी लागणार आहे. तिला हे बाहेरून कळता कामा नये. नंतर वकिलाला. याला आम्ही पळवाट मानत नाही. विश्वासाने सोपवलेला पैसा खाणं हा फौजदारी गुन्हा आहे, आणि पैसे परत केल्याने तो आपोआप पुसला जात नाही. शिवाय महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ८८ खाली निबंधक चौकशी करून रक्कम व्याजासह वसूल करण्याचा आदेश देऊ शकतो. कशावर सही करतोय हे माहीत असूनही सही करणं, यात कबुलीला वजन आहे. वकील "गप्प बसा" म्हणाले तर मात्र तो सल्ला घेऊ नका. कसं सांगायचं एवढंच त्यांना विचारा.

मग चेअरमन आणि सेक्रेटरी, दोघं एकत्र असताना. पाळकसाहेबांना सोबत नेऊ नका. धर्मगुरू शेजारी बसलेला असला की समोरच्याला राग व्यक्त करता येत नाही, आणि तो राग त्यांचा हक्क आहे. पत्र छोटं ठेवा:

"गेल्या दोन उन्हाळ्यांत मी न आलेल्या टँकरची ४८ बिलं मंजूर केली. त्यात सोसायटीचं ७२,००० रुपयांचं नुकसान झालं. हे मी जाणूनबुजून केलं. या रकमेवर १४,४०० धरून ८६,४०० रुपये मी सोसायटीच्या खात्यात भरत आहे. खजिनदारपदाचा राजीनामा सोबत जोडला आहे. तपासणीसाठी लागतील ती सर्व कागदपत्रं देईन."

एवढंच. पाणीटंचाई, होम लोन, टँकरवाल्याने घातलेली गळ, "सगळीकडे चालतं", यांतलं एकही वाक्य त्यात नको. आणि "प्रभूने मला क्षमा केली आहे" हे तर त्या कागदावर मुळीच नको. ते खरं असलं तरी, तिथे लिहिल्यावर ज्यांचे पैसे गेले त्यांच्यावर क्षमा करण्याची सक्ती होते. क्षमा मागा, वसूल करू नका.

पैसे चेकने किंवा बँकेतून भरा, रोख नको. आतापर्यंत पावत्या तुम्हीच फाडत होतात, म्हणून ही पावती सेक्रेटरींच्या हातची घ्या. बँकेतल्या सह्यांमधून तुमचं नाव काढायचा अर्ज त्याच आठवड्यात द्या. राजीनाम्याचं कारण "वैयक्तिक" लिहायचा मोह होईल, तो टाळा. आणि सभेत साक्ष द्यायला उभे राहू नका, निदान वर्षभर तरी नाही. भर सभेतली कबुली टाळ्या मिळवून देते, आणि चेअरमनच्या दारावरची बेल तशीच न वाजलेली राहते.

पत्नीच्या म्हणण्याबद्दल. कॅथलिक शिकवणीत पश्चात्तापी माणसाची तीन कामं आहेत: मनापासून अनुताप, याजकापुढे पापनिवेदन आणि भरपाई. ट्रेंटच्या धर्मसभेने १५५१ मध्ये हे पक्कं मांडलं. याजकाने दिलेली पापमुक्ती आवश्यक आहे का, याबाबत आपला प्रॉटेस्टंटांचा खरा मतभेद आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. धर्मसुधारक लूथरने १५१७ मध्ये मांडलेल्या ९५ मुद्द्यांतला पहिलाच मुद्दा असा की विश्वासणाऱ्याचं अवघं आयुष्य पश्चात्तापाचं असावं, एखाद्या विधीपुरतं नव्हे. पण तुमच्या टँकरच्या बिलांपुरतं पाहिलं तर दोन्हीकडचं उत्तर एकच आहे. चोरी कबूल करणाऱ्याला कुठलाही जाणता फादर "परत केलंस का?" हे विचारणारच. तिच्याकडून एक गोष्ट जरूर घ्या. ती आपलं पाप दुसऱ्या माणसाला ऐकू जाईल असं बोलते. तुम्ही सभेत "माझी सगळी पापं" म्हणालात, ४८ बिलं म्हणाला नाहीत. एकमेकांजवळ पापं कबूल करा ही याकोबाची आज्ञा (५:१६) आपल्यालाही आहे. पाळकसाहेबांना आकड्यासकट सांगा आणि चेअरमनना कधी भेटणार ती तारीखही त्यांना देऊन ठेवा.

इथे अनेकजण दावीद राजाचं ५१ वं स्तोत्र पुढे करतात: "तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केलं." मग माणसांकडे कशाला जायचं? दाविदाने ज्याचा घात केला तो उरीया मेलेला होता. त्याच्याकडे जाण्याचा रस्ताच उरला नव्हता. नाथान संदेष्ट्याने "परमेश्वराने तुझं पाप दूर केलं" असं त्याच क्षणी सांगितलं, तरी परिणाम दाविदाच्या घरात वर्षानुवर्षं राहिले. क्षमा झाली की परिणाम टळतात असं समजू नका. कमिटी पोलिसांत गेली, तर देवाने तुम्हाला नाकारलं असा त्याचा अर्थ होत नाही.

पुन्हा बाप्तिस्म्याचं थोडक्यात सांगतो. पुढे कधी मंडळीशी बसून त्यावर बोलायचं असेल तर बोला, आत्ता नको. आत्ता तो तुम्हाला चेअरमनच्या दारापासून लांब नेणारा रस्ता आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळालेला नव्हता, हे सुमारे आठ वर्षांनी उमगलं असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. पाणी आणि वळणं एकाच दिवशी घडतील असं नसतं.

रोज रात्रीची ती प्रार्थना आता थांबवा. नाव घेऊन कबूल केलेल्या पापाची क्षमा करायला देव विश्वासू आहे (१ योहान १:९). तीच क्षमा रोज मागणं म्हणजे त्याने कालचं ऐकलं नाही असं धरणं. एकदा आकड्यासकट कबूल करा, मग त्या जागी आभार माना. पैसे परत केल्यावरही मन टोचेल. तेव्हा टोचणी कसली आहे ते तपासा. पवित्र आत्मा दोष दाखवतो तेव्हा नेमकं काम दाखवतो: हा कागद राहिला, हा माणूस राहिला. "तू असाच, तुझं काही खरं नाही" असं मोघम घोकणारा आवाज कुठलंच काम सांगत नाही. पहिल्याचं ऐका. दुसऱ्याला योहानाचंच वचन सांगा: आपलं मन आपल्याला दोषी ठरवत असलं तरी देव आपल्या मनापेक्षा थोर आहे (१ योहान ३:२०). सगळं करूनही दोन-तीन आठवडे झोप आली नाही तर डॉक्टरांना भेटा, त्यात अविश्वास नाही.

पुन्हा मोह होईल. पैशाला हात लागेल असं कुठलंही पद, सोसायटीत असो वा मंडळीत, काही वर्षं घेऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. पुन्हा पडलात तर पुन्हा उठा, पण त्याच दिवशी, त्याच माणसाजवळ बोलून.

आणि प्रभुभोजन, म्हणजे मंडळीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, असं येशूने सांगितलं आहे (मत्तय ५:२३-२४). समेट समोरच्याच्याही हातात असतो. जाणं तेवढं तुमच्या हातात आहे. तेव्हा पत्र, राजीनामा आणि पहिला चेक पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारच्या आत पोहोचवा. त्या रविवारी मेजापाशी जा. कमिटीचा निर्णय तोवर आलेला नसला, कुणी जिन्यात तुमच्याशी बोलत नसलं, तरी जा.